राजा केळकर संग्रहालयातला राजा कुठल्याच गादीवर बसला नव्हता

पुण्यात बाजीराव रोडने जाताना नातूबागेकडे वळलं की राजा दिनकर केळकर संग्रहालयाची पाटी दिसते. पहिल्यांदा ती वाचणाऱ्याच्या डोक्यात साधारण एकच चित्र उभं राहतं. कुठलं तरी छोटं संस्थान असणार, दिनकर नावाचे राजेसाहेब असणार, त्यांना जुन्या वस्तूंचा शौक असणार आणि संस्थानं गेल्यावर त्यांनी तिजोरीतला माल लोकांना बघायला खुला केला असणार.

यातलं काहीही खरं नाही.

दिनकर केळकर राजे नव्हते. त्यांच्या घरचं चष्म्याचं दुकान होतं. ते कविता करायचे. आणि पाटीवरचा राजा म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, जो लहानपणीच गेला. बापाने आयुष्यभर जमवलेलं सगळं त्या मुलाच्या नावावर केलं आणि मग ते सरकारला देऊन टाकलं.

दौती, बोरू ठेवायची कलमदानं, अडकित्ते, दिवे, फण्या, कुलपं, वज्र्या अशा वस्तू त्यांनी जमवल्या. ज्या गोष्टी आपल्या पणजीने मोडीत घातल्या असतील, त्यातल्या वीस हजारांहून जास्त या माणसाने वाचवल्या. त्यांचीच ही गोष्ट.

अज्ञातवासी नावाचा कवी

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. तेव्हा पेशवाई संपून अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली होती. म्हणजे पेशवाईतलं पुणे ज्यांनी लहानपणी पाहिलं, अशा म्हाताऱ्यांची शेवटची पिढी नुकतीच सरत होती. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळालेला. १८७९ मध्ये बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्याचाही काही भाग आगीत गेला. इतिहास अजून फार लांब गेलेला नव्हता, पण पडझड मात्र डोळ्यांदेखत चालू होती.

तरुणपणी केळकरांना वेड होतं कवितेचं. अज्ञातवासी या टोपणनावाने ते कविता लिहायचे. नुसतं स्वतःचं लिहून ते थांबले नाहीत, तर भा. रा. तांबे यांच्यासारख्या कवीच्या कविता जमवून त्यांचं संपादनही केलं. विखुरलेलं गोळा करायचं, नीट लावायचं आणि लोकांपुढे ठेवायचं, हे काम त्यांनी आधी कवितांच्या बाबतीत केलं. वस्तू नंतर आल्या.

इतिहासाची ओढ होतीच. आणि १९२० च्या सुमारास, म्हणजे वयाच्या पंचविशीच्या आसपास, त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली.

आता घरचा धंदा चष्म्याचा. मराठीत चष्म्याला चाळिशी म्हणतात, कारण चाळिशी उलटली की जवळचं दिसेनासं होतं. म्हणजे अशा दुकानात येणारं गिऱ्हाईक वयस्कर. पुण्याच्या पेठांमधले जुने कारकून, वकील, शास्त्री, वाड्यांमधली माणसं. कुणाच्या माडीवर काय पडलंय, कुणाचा वाडा विकला जाणार आहे, हे कळायला यापेक्षा चांगली जागा कुठली असेल? दुकानातल्या ओळखींचा त्यांना किती उपयोग झाला असेल, याचा अंदाज आपण बांधू शकतो.

वस्तू बाहेर का पडत होत्या?

केळकरांचं मोठेपण कळायचं असेल तर त्या काळात काय चाललं होतं ते बघावं लागेल.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्यातल्या हजारो माणसांचं काम गेलं. सरदार, शिलेदार, फडावरचे कारकून, चिटणीस, सगळे. इंग्रजांनी काहींच्या जहागिरी आणि इनामं चालू ठेवली. पण १८५२ मध्ये इनाम कमिशनला कायद्याने अधिकार मिळाले आणि घराघरातून सनदा तपासल्या जाऊ लागल्या. पुरावा नसेल तर इनाम गेलं. उत्पन्न आटलं, कुटुंबं वाढली, वाड्यांच्या वाटण्या झाल्या. पुढे स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला, उरलेली इनामं आणि जहागिरीही गेल्या.

अशा घरात पहिल्यांदा सोनं विकलं जातं. मग चांदी. मग नंबर लागतो पितळेचा आणि तांब्याचा. आणि पितळ विकताना ते वस्तू म्हणून विकलं जात नाही, वजनावर विकलं जातं. दोनशे वर्षांपूर्वी एखाद्या कारागिराने महिनाभर बसून घडवलेला दिवा तराजूत पडला की त्याची किंमत फक्त शेरांत. तो भट्टीत जाणार आणि त्याची नवी घागर होणार.

त्यात दुसरी गंमत अशी की वस्तूंचं कामच संपत चाललं होतं. घरात वीज आली आणि दिव्यांचं काम संपलं. स्टीलची भांडी आली आणि पितळ माळ्यावर गेलं. फाउंटन पेन आलं आणि दौत गेली. वस्तू निरुपयोगी झाली पण जुनी म्हणून मौल्यवान अजून झाली नाही, असा मधला काळ प्रत्येक वस्तूच्या आयुष्यात येतो. सगळ्यात जास्त वस्तू याच काळात नष्ट होतात. केळकरांनी नेमक्या याच काळात खरेदी केली.

कागद इतिहासकारांनी वाचवले, दौत कुणी वाचवली?

त्या काळात पुण्यात इतिहासाचं वारं जोरात होतं. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुने कागद मिळवत होते. १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे त्यांचे खंड यायला लागले. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. पुढे १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले.

म्हणजे कागदांना वाली मिळाला होता. पण तो कागद ज्या बोरूने लिहिला, तो बोरू ज्या दौतीत बुडवला, ती दौत ज्या मेजावर ठेवली, त्यांचं काय? त्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. लढाया, तह आणि राजकारण म्हणजे इतिहास, अशी तेव्हाची समजूत होती. दौत हा इतिहासाचा पुरावा असू शकतो, हे पटायला वेळ लागणार होता.

म्हणून या लिहिण्याच्या सामानाकडे जरा थांबून बघूया. कारण केळकर ज्या नजरेने वस्तू बघत होते, ती नजर इथे चांगली कळते.

पेशवाईतला कारकून खुर्चीवर बसत नव्हता. तो बैठकीवर मांडी घालून किंवा एक गुडघा उभा करून बसायचा. समोर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, म्हणजे बैठं डेस्क. झाकणावर कागद ठेवून लिहायचं आणि झाकण उघडलं की आत बोरू, चाकू, दौत आणि शिक्के ठेवायचे कप्पे. दुकानदारांच्या गादीवर अशा पेट्या अगदी परवापरवापर्यंत दिसायच्या.

लिहायला बोरू. हे एक प्रकारचं वेताएवढं जाड, आतून पोकळ गवत. ते वाळवून त्याचं टोक चाकूने तिरकं तासायचं आणि मधे बारीक चीर द्यायची. टोकाचा काप कसा आहे यावर अक्षराचं वळण ठरायचं. टोक झिजलं की पुन्हा तासायचं. त्यामुळे चाकू हा लिहिण्याच्याच सामानाचा भाग.

शाई घरी करायची. दिव्यावर धरलेली काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी हा तिचा साधा पाया. काजळी म्हणजे कार्बन, तो उन्हाने उडत नाही आणि वर्षानुवर्षं फिका पडत नाही. पेशवे दफ्तरातले कागद आज अडीचशे वर्षांनंतर वाचता येतात याचं एक मोठं कारण ही काजळी आहे.

दौतीत ही शाई नुसती ओतून ठेवत नसत. आत कापडाचा किंवा धाग्यांचा बोळा असायचा. तो शाई धरून ठेवायचा. त्याचे दोन फायदे. दौत कलंडली तरी शाई सांडत नाही, आणि बोरू टेकवला की हवी तेवढीच शाई वर येते, टिपका पडत नाही.

आणि फिरतीवरच्या कारकुनासाठी कलमदान. धातूची लांबट नळी किंवा पेटी, तिच्यात बोरू, आणि तिलाच एका टोकाला जोडलेली झाकणाची छोटी दौत. हे कमरेच्या शेल्यात खोचलं की कारकून छावणीवर जायला तयार. तलवार जशी शिपायाची खूण, तसं हे कलमदान कारकुनाची खूण होतं. अंगावर काय खोचलंय यावरून माणसाचं काम कळायचं.

लिहून झालं की ओल्या अक्षरांवर बारीक वाळू भुरभुरायची, ती जास्तीची शाई शोषून घ्यायची. वाळू झटकली की कागद गुंडाळायला मोकळा. टीपकागद आला तो पुष्कळ नंतर.

मोडी लिपी अशी भरभर, हात फारसा न उचलता लिहिली जायची, ती या सगळ्या सामानाच्या जिवावर. मराठ्यांचं राज्य अटकेपर्यंत गेलं असं आपण अभिमानाने सांगतो. पण एवढ्या लांबच्या मोहिमेचा हिशेब, पगार, रसद, बातम्या, हे सगळं रोज कुणीतरी मांडी घालून लिहीत होतं. ती माणसं पोवाड्यात येत नाहीत. त्यांची आठवण त्यांच्या दौतीतच उरली आहे.

१९३१ मध्ये दि. प. दांडेकरांनी मुंबईत शाई बनवायला सुरुवात केली, त्यातून पुढे कॅम्लिन उभं राहिलं. म्हणजे फाउंटन पेनात घालायची शाई देशी कारखान्यात तयार होऊ लागली, त्याच काळात केळकर काजळीची शाई ठेवायच्या दौती घरी आणत होते. एक युग येत होतं आणि दुसरं जात होतं, आणि जाणाऱ्या युगाचं सामान उचलून ठेवणारे हात फार थोडे होते.

रोज एक वस्तू

१९२० च्या सुमारास सुरू झालेला हा संग्रह १९६० पर्यंत १५ हजार वस्तूंच्या आसपास पोहोचला होता.

हा आकडा जरा मोजून बघा. चाळीस वर्षांचे दिवस होतात साधारण १४,६००. म्हणजे सरासरी काढली तर हा माणूस चाळीस वर्षं रोज किमान एक वस्तू घरी आणत होता. आणि त्याच्यामागे संस्थानाची तिजोरी नव्हती, चष्म्याचं दुकान होतं.

इथे एक तुलना करण्यासारखी आहे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाचं नाव सगळ्यांना माहीत आहे. तो संग्रह मुख्यतः ज्यांनी जमवला ते तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, यांचा जन्मही पुण्यातलाच, १८८९ चा. केळकरांपेक्षा ते जेमतेम सात वर्षांनी मोठे. पण ते निजामाच्या दिवाणांच्या घराण्यातले, काही काळ स्वतः दिवाण राहिलेले. त्यांनी युरोपातून फर्निचर, घड्याळं, पुतळे मागवले. १९४९ मध्ये ते वारले आणि १९५१ मध्ये त्यांचा संग्रह लोकांसाठी खुला झाला.

सालारजंगांनी जगातलं उत्तमोत्तम विकत घेतलं. केळकरांनी आपल्या शेजारच्या घरात जे फेकलं जात होतं ते उचललं. दोन्ही संग्रह आज अमूल्य आहेत, पण दुसऱ्या प्रकारात एक अडचण असते. अडकित्त्यासाठी पैसे खर्च करणाऱ्या माणसाला लोक वेड्यात काढतात.

अडकित्त्याचंच घ्या. सुपारी कातरायचं साधं अवजार. पण केळकरांच्या संग्रहात अडकित्त्यांचे इतके प्रकार आहेत की बघणारा चक्रावतो. कुठे पक्षी, कुठे घोडा, कुठे माणसांच्या जोड्या. पान-सुपारी हा तेव्हा पाहुणचाराचा भाग होता, अडकित्ता चारचौघांत हातात यायचा, म्हणून तो देखणा हवा. हेच तर्कशास्त्र दिव्यांना लागू. समई, निरांजन, लामणदिवा, देवळातला दिवा, हातात धरायचा दिवा. दिव्यांवर तर केळकरांनी इंग्रजीत एक पुस्तकच लिहिलं, आणि ते केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने छापलं.

यासाठी ते फक्त पुण्यात फिरले नाहीत. गुजरातचं लाकडी कोरीवकाम, दक्षिणेतले दिवे, राजस्थानच्या वस्तू, पैठणी शैलीतली चित्रकथीची चित्रं, कोरीव दरवाजे, वाद्यं, बाहुल्या, सोंगट्यांचे पट, असं देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेलं सामान त्यांच्या संग्रहात आहे. बहुतेक वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या, काही शिल्पं मात्र त्याहून बरीच जुनी.

बायकांच्या वापरातल्या वस्तू हा या संग्रहाचा खास भाग. फण्या, कुंकवाचे करंडे, सुरमादाण्या, पाय घासायच्या वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी. राजांच्या तलवारी जपणारी संग्रहालयं भरपूर आहेत. एखाद्या बाईने रोज सकाळी हातात घेतलेली फणी जपणारी फार कमी. या सगळ्या उद्योगात केळकरांच्या पत्नी कमलाबाई त्यांच्या सोबत होत्या. संसारातला पैसा पितळेच्या जुन्या भांड्यांमध्ये जातोय आणि घरातली जागा वस्तूंनी भरत चाललीय, हे ज्या घरात वर्षानुवर्षं चालतं, त्या घरातल्या बाईचा त्यात वाटा किती मोठा असणार हे वेगळं सांगायला नको.

राजा

आता पुन्हा पाटीवरच्या नावाकडे येऊ.

केळकर दाम्पत्याचा एकुलता एक मुलगा राजा. तो बालवयातच गेला. आपल्याकडे अशा दुःखावर लोक वेगवेगळे उपाय शोधतात. कुणी तीर्थयात्रेला निघतं, कुणी देवळात पायऱ्या बांधतं, कुणी पाणपोई घालतं. पायरीवर किंवा पाणपोईवर गेलेल्या माणसाचं नाव कोरायचं, म्हणजे येणारा-जाणारा ते वाचतो आणि नाव जगात राहतं.

केळकरांनी संग्रहालयाला त्याचं नाव दिलं.

वाचताना ही गोष्ट साधी वाटते, पण एक क्षण विचार करा. घरातल्या जुन्या वस्तू आपण मुलांसाठी ठेवतो. ही आजीची पेटी, हे आजोबांचं घड्याळ, हे तू सांभाळ. वस्तू पुढच्या पिढीकडे जातात, हाच वारशाचा अर्थ. केळकरांच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. इतरांच्या घरचे वारसे ते आपल्या घरी आणत होते, आणि ज्याच्या हाती ते द्यायचे तोच राहिला नव्हता. मग त्यांनी वारस म्हणून सगळ्या लोकांनाच धरलं.

१९६२ मध्ये राजा केळकर संग्रहालय रीतसर सुरू झालं. त्याच्या आदल्याच वर्षी, १२ जुलै १९६१ ला, पानशेतचं धरण फुटलं होतं आणि नदीकाठच्या पेठांमधले कित्येक जुने वाडे पाण्याखाली गेले होते. एका दुपारी पुण्यातली किती घरं, किती दप्तरं आणि किती जुनं सामान वाहून गेलं, ते मोजणं अवघड आहे. जुनी वस्तू जपून ठेवायची म्हणजे काय, हे त्या वर्षी पुणेकरांना वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल.

मस्तानीचा महाल

केळकरांच्या धाडसाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मस्तानी महाल.

पहिल्या बाजीरावांनी १७३४ मध्ये मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला होता. आजचं कोथरूड म्हणजे गच्च वस्तीचं उपनगर, पण तेव्हा ते पुण्याबाहेरचं गाव. पुढे तो महाल पडझडीला आला. अशा अवस्थेतल्या इमारतीचं लाकूड सहसा जळणाला जातं नाहीतर दुसऱ्या बांधकामात लागतं.

केळकरांनी त्या महालाचे उरलेले भाग मिळवले, ते पेठेत आणले आणि संग्रहालयात पुन्हा उभे केले. दौत किंवा अडकित्ता उचलून आणणं वेगळं आणि महालाचं दालन उचलून आणणं वेगळं. आज मस्तानीबद्दल सिनेमे आणि मालिका बघून पुण्यात येणारे लोक तिच्या खुणा शोधत फिरतात. तिच्या महालाचा जो भाग आज डोळ्यांनी बघता येतो, तो या चष्मेवाल्या कवीमुळे.

विकलं असतं तर?

इथे एक व्यवहाराचा प्रश्न विचारायला हवा. एवढा संग्रह, त्याची किंमत किती?

१९६० आणि ७० च्या दशकांपर्यंत परिस्थिती पालटली होती. ज्या वस्तू केळकरांनी मोडीच्या दराने जाताना पाहिल्या होत्या, त्यांना आता अँटिक म्हणून मागणी होती. परदेशी लोक भारतातून जुनी शिल्पं, दिवे, चित्रं नेत होते. चोरीचे प्रकार इतके वाढले की १९७२ मध्ये संसदेला पुरावस्तू आणि कलानिधी कायदा करावा लागला. १९७६ मध्ये तो लागू झाला. या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंच्याहत्तर वर्षांची, आणि सरकारशिवाय कुणालाही ती देशाबाहेर नेता येत नाही.

म्हणजे विचार करा. एका माणसाकडे हजारो जुन्या वस्तू आहेत. त्यांचे भाव वाढताहेत. त्यातल्या थोड्या विकल्या तरी उरलेलं आयुष्य आरामात जाईल. त्यात गैर काहीच नाही, वस्तू त्याच्या स्वतःच्या मालकीच्या आहेत.

१९७५ मध्ये केळकरांनी आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला.

तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते. संग्राहकासाठी ही गोष्ट किती कठीण असते ते ज्यांना काही जमवायचा नाद आहे त्यांनाच कळेल. तिकिटं, नाणी, जुने पेन, काहीही असो. जमवणाऱ्याला प्रत्येक वस्तूची गोष्ट माहीत असते. ही कुठे मिळाली, किती घासाघीस केली, घरी आणल्यावर कोण काय बोललं. दुसऱ्याच्या हातात गेल्यावर ती फक्त एक नोंद क्रमांक होते. तरीही त्यांनी दिलं, कारण न देण्याचा परिणाम त्यांनी आयुष्यभर पाहिला होता. मोठमोठ्या घराण्यांचं सामान दोन पिढ्यांत कसं पांगतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांचा संग्रह तयार झाला होता तो अशाच पांगलेल्या घरांमधून.

पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली, म्हणून त्यांच्या नावामागे डॉक्टर लागलं. पद्मश्रीही मिळाली. १७ एप्रिल १९९० ला, वयाच्या चौऱ्याण्णव्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

आज काय स्थिती आहे?

संग्रह आता वीस हजारांच्या पुढे आहे. पण मांडलेल्या वस्तू साधारण अडीच हजार. म्हणजे आठ वस्तूंमागे एक तुम्हाला दिसते, बाकीच्या सात जागेअभावी आत बंद. बावधनला मोठी संग्रहालयनगरी उभारायची योजना अनेक वर्षं चर्चेत आहे. एका माणसाने स्वतःच्या हिमतीवर जे जमवलं, ते सगळं एकाच वेळी लोकांना दाखवायला पुरेल एवढी भिंत आपल्याला अजून देता आलेली नाही, ही गोष्ट थोडी लागतेच.

दुसरी एक गोष्ट तिथे फिरताना लक्षात येते. वस्तूखालच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा काय आहे, कुठली आहे आणि कुठल्या शतकातली आहे, एवढंच असतं. करणाऱ्याचं नाव नसतं. ते कुणालाच ठाऊक नाही. दौत ओतणारा तांबट, दरवाजा कोरणारा सुतार, अडकित्त्यावर पोपट घडवणारा लोहार, या सगळ्यांनी आपलं नाव कुठे लिहून ठेवलं नाही. हे सगळे अज्ञातवासीच. आणि त्यांना एका छताखाली आणणाऱ्याने तरुणपणी स्वतःसाठी नेमकं तेच नाव निवडलं होतं.

पुढच्या वेळी तिथे गेलात तर तलवारी आणि मस्तानी महाल बघाच, पण एखाद्या दौतीपुढेही दोन मिनिटं थांबा. आणि घरी आल्यावर माळ्यावर चढून बघा. आजीच्या ट्रंकेत एखादी फणी, एखादा अडकित्ता, आजोबांचं शाईचं पेन पडलेलं असेल. ते मोडीत घालण्याआधी ते कुणाचं होतं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद त्या वस्तूसोबत ठेवा. संग्रहालय उभं करणं सगळ्यांना जमणार नाही, पण एवढं प्रत्येकाला जमेल.